तळटीप ७ : ‘घाट लागतो’

७. घाट लागतो : पोलादपूर सोडून महाबळेश्वरची वाट धरली की आंबेनळी घाट लागतो, खेडकडे वळले की कशेडी. मूळ वाक्यातले हे ‘लागतो’ आम्ही मुद्दाम तसेच ठेवले आहे. इथे घाट कर्ता आहे, प्रवाशाचा उल्लेखही लागत नाही. महाडच्या बाजारात मात्र ‘मला दोन पिशव्या लागतील’ म्हणताना ‘मला’ हवेच, नाहीतर पिशव्या कोणाला हव्यात ते कळत नाही. आणि ‘मी जाऊ लागलो’ व ‘मला जावे लागले’ ही जोडी पाहा: क्रियापदे तीच दोन, पण ‘मी’चे ‘मला’ आणि ‘जाऊ’चे ‘जावे’ झाले की आरंभाची सक्ती होते. मराठी मुलाला हे कोणी शिकवत नाही. संगणकाला एकेक रचना लिहून द्यावी लागते.

फ्रेंचसाठी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ नंतर पॅरिसमध्ये हेच केले: ओळीत क्रियापदे, स्तंभात रचना, प्रत्येक घरात अधिक किंवा उणे. पुढे बेन्वा सागो यांचा ‘लेफ’ हा कोश थेट संगणकासाठी तयार झाला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) नामापुढे त्याच्याशी जुळणारी क्रियापदे दिलेली आढळतात. ती खूण फार मोलाची आहे, आणि क्रियापदांना लागणाऱ्या विभक्तींपर्यंत ती नेण्याचे काम आजच्या मराठी कोशकारांनी हाती घ्यावे, अशी आमची कळकळीची इच्छा आहे. ‘लागणे’पासूनच सुरुवात करावी. — संपादक