क्रिकेटचा नकाशा कोण आखतो? गोंदियाच्या सीमेवरून दिसणारी रणजी करंडकाची कहाणी

१/ गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट आहे आणि पूर्वेला छत्तीसगड. तिन्ही बाजूंना धानाचीच शेती, आणि सोयरीक सीमा पाहून होत नाही. रणजी करंडकात मात्र ही तीन वेगळी घराणी आहेत: विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ‘महाराष्ट्र’ नावाचाही एक संघ आहे. पण महाराष्ट्र राज्यात असूनही गोंदियाचा खेळाडू त्या संघाचा नसतो. हा नकाशा कसा घडला आणि दूरचित्रवाणीच्या पैशाने त्यात काय उलथापालथ केली, याविषयी हा थ्रेड.

२/ आरंभ ब्रिटिशकाळापासून करावा लागेल. आजचा गोंदिया आणि बालाघाट हे दोन्ही प्रदेश तेव्हा मध्य प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ तिच्या सुरुवातीच्या हंगामांत खेळत होता. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले तत्त्वतः एकाच संघाची दावेदार होती.

३/ पैसा खेळाडूला कुठे नेतो, याचे उत्तर त्या काळातही सापडते. भारताच्या पहिल्या कसोटीचे (१९३२) कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. त्यांची कीर्ती मात्र इंदूरच्या नावाशी जोडली गेली, कारण होळकर दरबाराने त्यांना आश्रय दिला आणि सैन्यात कर्नलचा हुद्दा दिला. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. नागपूरकडे खेळाडू होता. त्याला सांभाळणारी तिजोरी इंदूरकडे होती.

४/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भातील आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, ते इकडे आले; बालाघाट तिकडेच राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला.

५/ क्रिकेटने मात्र या पुनर्रचनेचा अर्धाच भाग मान्य केला. १९५७-५८ पासून विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून रणजीत उतरला. पण त्याची जागा पश्चिम विभागात, मुंबई-महाराष्ट्र-बडोद्यासोबत ठरली नाही. तो मध्य विभागात राहिला: मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि रेल्वे यांच्या पंगतीत. राज्य बदलले, राजधानी बदलली, क्रिकेटमधले शेजारी मात्र जुनेच राहिले.

६/ विभाग म्हणजे काय, हे येथे समजून घ्यायला हवे. प्रवास खर्चिक आणि वेळखाऊ होता, म्हणून जवळच्या संघांनी आपापसांत खेळावे आणि त्यातून निवडक संघ पुढे जावेत, अशी ही व्यवस्था होती. आधी चार विभाग होते. १९५२-५३ मध्ये मध्य विभागाची भर पडली. तो नकाशा रेल्वेच्या वेळापत्रकाला आणि रिकाम्या खिशाला अनुसरून काढलेला होता.

७/ या व्यवस्थेची किंमत दुबळ्या संघांनी मोजली. विभागाबाहेर पडता आले नाही, तर देशातील बलाढ्य संघांशी गाठच पडत नसे. विदर्भाचे अनेक हंगाम असेच सरले. नायडूंना जन्म देणाऱ्या शहराचा संघ अर्धशतकाहून अधिक काळ अंतिम सामन्यापासून दूर राहिला.

८/ आता दूरचित्रवाणीकडे वळू. १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कप स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी तिचा संघर्ष पेटला. दूरदर्शनची भूमिका अशी होती की, हक्कांचे पैसे आम्ही देणार नाही. उलट प्रक्षेपण हवे असेल, तर संघटनेनेच प्रत्येक सामन्यामागे ५ लाख रुपये द्यावेत. आज हे वाक्य विनोदासारखे वाटते. त्या काळी ती सरकारी भूमिका होती.

९/ ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि प्रक्षेपणावर सरकारी मक्तेदारी असू शकत नाही. भारतीय माध्यमांच्या इतिहासात हा निकाल मैलाचा दगड मानला जातो. क्रिकेटच्या इतिहासातही त्याचे स्थान तेवढेच मोठे आहे, कारण त्यानंतर सामना ही विकता येणारी वस्तू झाली आणि तिची किंमत बोलीने ठरू लागली.

१०/ त्या बोलीची वाढ पाहा. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क १६,३४७ कोटी रुपयांना गेले. पुढच्या पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२३ ते २०२७ साठी, हाच आकडा ४८,३९० कोटींवर पोहोचला. होळकरांच्या तिजोरीची जागा आता वाहिन्यांच्या आणि मोबाइलच्या पडद्याने घेतली होती.

११/ अमेरिकेत असाच निकाल अकरा वर्षे आधी लागला होता. तेथे विद्यापीठांचे फुटबॉल अफाट लोकप्रिय आहे आणि विद्यापीठे प्रादेशिक गटांत खेळतात. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय क्रीडा संघटनेचे प्रक्षेपणावरील नियंत्रण मोडले. त्यानंतर गट आपापले हक्क स्वतः विकू लागले आणि जास्त पैसा देणाऱ्या गटाकडे विद्यापीठांची रीघ लागली.

१२/ त्याचा शेवट भूगोल विसरण्यात झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ हा जुना गट २०२४ मध्ये अक्षरशः रिकामा झाला. बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे मध्य-पश्चिमेतील ‘बिग टेन’मध्ये गेली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड तर अटलांटिक महासागराचे नाव मिरवणाऱ्या गटात सामील झाले. मागे उरलेल्या दोघांना पैशाच्या आकड्यात फारसे मोल नव्हते.

१३/ भारतात असे स्थलांतर झाले नाही. कारण येथे हक्क विकतो तो विभाग नव्हे, राज्य संघटनाही नव्हे. विकते ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळ. पैसा एका ठिकाणी जमतो आणि त्यातला मोठा वाटा पूर्ण सदस्य असलेल्या संघटनांकडे जातो. त्यामुळे अमेरिकेतला प्रश्न ‘कोणत्या गटात जावे’ असा असतो, तर आपल्याकडचा प्रश्न ‘सदस्य कोण’ असा होतो. या थ्रेडचे मर्म याच फरकात आहे.

१४/ सदस्यत्वाचे मोल विदर्भात स्पष्ट दिसते. विदर्भ क्रिकेट संघटनेने नागपूरजवळ जामठा येथे नवे स्टेडियम उभारले. २००८ मध्ये तेथे भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. त्याच वर्षी याच संघटनेचे शशांक मनोहर नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. निवासी अकादमी आली. बाहेरचे खेळाडू आणि प्रशिक्षक आणता येऊ लागले. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळला, तर प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले.

१५/ स्पर्धेचा साचाही याच काळात बदलला. २००२-०३ मध्ये रणजीतील विभाग मोडीत निघाले आणि गुणवत्तेनुसार एलिट व प्लेट असे दोन गट झाले. दुबळ्या संघांना वर चढायला शिडी मिळाली. विदर्भाने बरीच वर्षे प्लेट गटात काढली. पण आता आपली पायरी कोणती आणि वर किती पायऱ्या आहेत, हे तरी दिसत होते.

१६/ मग २०१६ साल उजाडले. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व सुचवले आणि १८ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारले. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना, गुजरातमध्येही तीन. त्यांनी आता आळीपाळीने एकच मत द्यायचे होते. संघ मैदानात राहणार होते, पण निर्णयाच्या टेबलावरची खुर्ची जाणार होती.

१७/ समितीची बाजू हलकी नव्हती. महाराष्ट्राला तीन मते असताना ईशान्येतील अनेक राज्यांना एकही नव्हते. बिहारचे उदाहरण तर बोलके आहे. २००० मध्ये झारखंड वेगळे झाले. क्रिकेटमधली जागा झारखंडकडे गेली आणि कोट्यवधी लोकांचे बिहार दीर्घकाळ रणजीबाहेर राहिले. राज्याची एक फाळणी विदर्भाला संघ देऊन गेली, दुसरी बिहारचा संघ हिरावून गेली. दोन्हींमागे क्रिकेटचा निकष एकच होता, असे कोणी म्हणू शकणार नाही.

१८/ नेमक्या याच पेचाच्या काळात विदर्भाने इतिहास घडवला. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीवर ९ गडी राखून मात. कर्णधार फैज फजल. पहिल्या रणजी हंगामानंतर ६० वर्षांनी पहिला अंतिम सामना आणि पहिलेच विजेतेपद, तेही नायडूंच्या इंदुरात.

१९/ ९ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा आदेश बदलला. केवळ राज्याच्या सीमेवरून या संघटनांना वगळले, तर त्यांचा इतिहास आणि खेळाला दिलेले योगदान दुर्लक्षित होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, बडोदा आणि सौराष्ट्र यांचे पूर्ण सदस्यत्व परत आले. समितीच्या आग्रहाचा दुसरा भागही फळाला आला: २०१८-१९ च्या रणजीत नऊ नव्या संघांची भर पडली, त्यांत बिहार आणि ईशान्येतील राज्ये होती. एकूण संघ झाले ३७.

२०/ विदर्भाने तो ३७ संघांचा हंगामही जिंकला. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार पत्करली, तर २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक आणला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशानेही २०२१-२२ मध्ये मुंबईला हरवून रणजी जिंकली होती. त्यांचे प्रशिक्षकही तेव्हा चंद्रकांत पंडितच होते. छत्तीसगड २०१६-१७ पासून रणजीत आहे. जुन्या मध्य प्रांताच्या मातीत आज तीन संघ उभे आहेत.

२१/ जुना नकाशा पुरता पुसला गेलेला नाही. दुलीप करंडकात २०२५ मध्ये विभागीय संघ पुन्हा उतरले. बंगळुरूच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाने दक्षिण विभागाला हरवले. कर्णधार मध्य प्रदेशचा रजत पाटीदार, आणि १९४ धावांची खेळी विदर्भाच्या यश राठोडची. १९५६ मध्ये विभागलेला प्रदेश त्या धावफलकावर पुन्हा एकत्र दिसत होता.

२२/ या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा: दूरचित्रवाणीचा पैसा आपोआप न्याय करत नाही आणि आपोआप अन्यायही करत नाही. तो आधीच आखलेल्या वाटांनी वाहतो. अमेरिकेत गटांनी आपापल्या वाटा खोदल्या, म्हणून जुने शेजार तुटले. भारतात वाट सदस्यत्वातून जाते. ज्याला खुर्ची मिळाली त्याच्या अंगणात पाणी आले. विदर्भाला ती १९५०च्या दशकात मिळाली आणि तिचे फळ साठ वर्षांनी हाती लागले.

२३/ पण पाणी अंगणात येणे आणि शेताच्या शेवटच्या बांधापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हे धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. विदर्भाचे जिल्हे अकरा आहेत. सिव्हिल लाइन्स आणि जामठा ही संघटनेची दोन्ही मोठी मैदाने नागपूरचीच. गोंदियाहून तेथवर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. दिल्लीत ‘एक राज्य, एक मत’ यावर जो वाद झाला, त्याचीच लहान आवृत्ती प्रत्येक राज्य संघटनेच्या आत असते: जिल्ह्याचा आवाज किती, आणि वाटा किती? विदर्भाने मुंबई-पुण्यापुढे जो युक्तिवाद केला, तोच आता गोंदियाला नागपूरपुढे करता येतो.