भानवशापासून ग्रॅनाइटपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कार्यकारिणीचा, गणेशोत्सवांचा आणि नाट्यप्रयोगांचा इतिहास येतो. तो यावयासच हवा. परंतु ज्या स्वयंपाकघरात या उत्सवांचा प्रसाद शिजला, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मंडळाच्या वास्तूतील जुना कडप्प्याचा ओटा काढून नवा घालावा काय, हा विषय सध्या सभासदांपुढे आहे. फार वर्षांपूर्वी येथे घरे बांधून स्थायिक झालेल्या कुटुंबांपुढेही हाच प्रश्न आहे. म्हणून ओट्याची पूर्वपीठिका थोडक्यात मांडावी, असे आम्हांस वाटले.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी आजच्या अर्थाने ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, शेजारी वैल, आणि चुलीलगत भांडी उतरवून ठेवण्यासाठी मातीचा बसका उंचवटा, म्हणजे भानवस. विळी, पोळपाट, पाटा-वरवंटा ही सारी साधने बसून काम करण्याची. जमीन शेणाने सारवावयाची, चुलीला पोतेरे फिरवावयाचे, भिंतीवर काजळी धरली की मातीचा वा चुन्याचा हात द्यावयाचा. पृष्ठभाग घरच्याच हातांनी पुन:पुन्हा नवा होत असे. ही व्यवस्था स्वस्त होती, सुंदरही होती. पण तिची किंमत स्त्रियांचे डोळे, फुफ्फुसे आणि गुडघे यांनी मोजली, हे विसरून तिचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

शहरांत मातीची जमीन जाऊन दगडी फरशी आली. येथे भूगोलाचा भाग मोठा आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण खरा. जाती आणि पाटे त्याचेच. परंतु त्याच्या पातळ, रुंद लाद्या सहज निघत नाहीत. चुनखडीचा दगड थराथरांनी बनलेला असल्याने थरावर पहार लावली की सपाट लादी सुटी होते. असा करडा दगड शहाबादेस, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा व आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात मिळतो. काळा दगड आंध्रातील कडप्पा परिसरात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासेहून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे जोडले गेले. शहाबाद व कडप्पा ही दोन्ही गावे याच मार्गावरची. मराठी घरातील जमिनीची शहाबादी आणि ओट्याचा कडप्पा ही एकाच लोहमार्गावरची भावंडे आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

स्वयंपाक जमिनीवरून उठून उभा राहिला, तो मात्र दगडामुळे नव्हे; इंधनामुळे. घासलेटच्या स्टोव्हने त्याची सुरुवात केली आणि गॅसने तो पक्का केला. इंडियन ऑइलने ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात दिली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, हा सुरक्षिततेचा नियम. त्यामुळे सिलिंडर खाली आणि शेगडी वर अशी रचना घरोघर झाली. धूर गेला, कंबरेचा वाक गेला. गृहिणी उभी राहून घरातल्या माणसांशी समोरासमोर बोलू लागली. या बदलाचे मोल पाककृतींच्या इतिहासापेक्षा कमी नाही.

महाराष्ट्राबाहेर आलेल्या कुटुंबांना निराळे दगड भेटले. बदलीच्या नोकरीत आम्ही जी क्वार्टरे पाहिली, त्यांत कोठे हिरवट कोटा, कोठे सिमेंटचे मोझेक, तर राजस्थानात एखाद्या ओट्यावर मकराण्याच्या संगमरवराचा उरलेला तुकडाही आढळला. शेजारणी त्याला ‘स्लॅब’ म्हणत. आपल्या घरांतून मात्र तो ‘ओटा’च राहिला. दगड परका झाला, शब्द घरचा टिकला.

ओट्यामागच्या भिंतीची कथा याहून अलीकडची. ऑइलपेंटचा पट्टा जाऊन तेथे पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या. मिस्त्री या पट्ट्याला ‘डॅडो’ म्हणतात. गुजरातेतील मोरबी हे या उद्योगाचे आज मोठे केंद्र आहे. टाइल डाग धरीत नाही. डाग धरतात ते दोन टाइल्समधील सांधे. फोडणीतील हळदीने पांढरे सिमेंट पिवळे पडते. तेव्हा सांधे कमी असावेत आणि ते इपॉक्सीने भरावेत, हे नक्षीपेक्षा महत्त्वाचे.

आता निवडीचा विचार करू. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर या सर्वांत कॅल्शियम कार्बोनेट असते. लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्यांची झिलई जाते. आपल्या स्वयंपाकात ही तिन्ही आहेत. ग्रॅनाइटवर त्यांचा परिणाम होत नाही. गंमत अशी, की बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड भूशास्त्रानुसार बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. म्हणजे आजीच्या पाट्याच्या बेसॉल्टचाच, भूगर्भात सावकाश थंड झालेला भाऊबंद. मात्र २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते. आठ फूट लांब व दोन फूट रुंद ओट्याची शिळा ८० किलोंची होते. जुन्या भिंतीत ती बसविण्यापूर्वी खालचे आधार तपासलेच पाहिजेत.

कृत्रिम क्वार्ट्झच्या शिळा हल्ली फार दिसतात. दिसावयास त्या निर्दोष; पण त्यांत सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. कोरड्या कापणीची धूळ कारागिराच्या फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या शिळांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, जरी कमी. म्हणून कोणताही दगड पाणी सोडूनच कापला जावा, अशी अट करारात घालणे हे आपले कर्तव्य आहे. चुलीच्या धुरातून घरची स्त्री सुटली. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची छाती भरू नये.

मंडळापुरते आमचे मत स्पष्ट आहे. जेथे कडप्पा अभंग आहे, तेथे तो घासून, पॉलिश करून ठेवावा. लिंबू-चिंचेचे काम जेथे होते, तेवढ्या भागावर ग्रॅनाइट घालावा. ओट्याची उंची काम करणाऱ्यांच्या कोपराखाली चार ते सहा इंच असावी. प्रसादाची मोठी पातेली चढतात तो भाग मात्र आणखी खाली हवा. ही मापे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरू नयेत. इतकी वर्षे तेथे उभ्या राहिलेल्या भगिनींना विचारून ठरावीत. दगड कोणताही निवडला तरी तो पुढील कित्येक वर्षे राहणार आहे, आणि त्या वर्षांचा भार हातांनी वाहणाऱ्यांचा शब्द त्यात अखेरचा असावा, एवढेच आमचे सांगणे आहे.