लाटेचा धनी कोण?

लहानपणी बेळगावहून मामाकडे दिवाडीला जायचो. मांडवीतून खनिजाची बार्ज गेली की मामा तिच्याकडे पाहत नसे. खाजन शेताच्या बांधाकडे पाही. मातीचे हे बांध पोर्तुगीजांच्याही आधीचे. त्यांची डागडुजी गावकारी करी. १९५० नंतर खनिजवाहतूक वाढली आणि बार्जच्या लाटा बांधांवर आदळू लागल्या. लाटेची उंची दुप्पट झाली, की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणून वेगमर्यादा केवळ टक्कर टळावी यासाठी नसते, काठ टिकावा यासाठीही असते. बांध फुटला की खारे पाणी भातात शिरते. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा नदी निवांत झाली. मामा म्हणे, “बार्ज पुढं जाते रे, लाट आमच्याकडं राहते.”