आधी कुलपं काढा

सिरॅक्यूज विद्यापीठात 2002 साली प्राध्यापक वेनलियांग डू यांनी संगणक-सुरक्षेची ‘सीड’ ही प्रयोगमाला सुरू केली. तिच्यातल्या बफर ओव्हरफ्लोच्या प्रयोगात हल्ल्याआधी एक विचित्र काम असतं: यंत्राची संरक्षणं आपल्याच हातानं काढायची. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणारी लिनक्सची सोय बंद करा, कंपायलरचा पहारा उठवा, स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, पडलेला मजकूर आज्ञा म्हणून चालू द्या. थोडक्यात, आजच्या यंत्राला 1988 सालात नेऊन बसवा.

त्या वर्षी 2 नोव्हेंबरला कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं एमआयटीतल्या यंत्रावरून एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ ही साधी चौकशी-सेवा. आलेली ओळ ती सी भाषेतल्या ‘गेट्स’ फंक्शननं वाचायची, आणि जागा किती आहे हे गेट्स कधी विचारतच नाही. जागा 512 बाइटची, वर्मनं ओतले 536. वरचे 24 बाइट शेजारी सांडले. तिथे काम संपल्यावर प्रोग्रॅमनं कुठे परतायचं तो पत्ता होता. त्याच्या जागी आला नवा पत्ता, वर्मच्याच आज्ञांकडे नेणारा.

ही खोड जुनीच होती. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी केलेल्या 1972 सालच्या अहवालात तिचं वर्णन सापडतं. पण अहवाल वाचून कुणाचा हात बसत नाही. हात बसवला 1996 साली ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकातल्या ‘अलेफ वन’ या टोपणनावानं लिहिलेल्या लेखानं. उदाहरणं, कोड, पायरीपायरीनं पुढे जाणं. माझ्या मते सीडसारख्या प्रयोगवहीचा खरा पूर्वज तोच. दोन वर्षांत कंपायलरचा पहारा ‘स्टॅकगार्ड’ आला. परतीच्या पत्त्याआधी एक खुणेची संख्या ठेवायची. ती बदललेली दिसली की प्रोग्रॅम थांबवायचा. कोळशाच्या खाणीतल्या पक्ष्यावरून तिला कॅनरी म्हणतात.

हल्ला शिकवावा का, यावर वादही झाला. कॅल्गरी विद्यापीठानं 2003 साली व्हायरस लिहायला लावणारा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा अँटीव्हायरस कंपन्या खवळल्या. विद्यापीठानं वर्ग बंदिस्त प्रयोगशाळेत, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून चालवला. एमआयटीत तर पुढे मॉरिसच प्राध्यापक झाले.

सीडच्या प्रयोगात रूट शेल, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा, हाती आली की मुलांना वाटतं, संपलं. खरी गंमत त्यानंतर आहे. काढलेली कुलपं एकेक करून परत लावायची आणि हल्ला कुठे अडतो ते पाहायचं. कॅनरी लावली की तो तिथेच थांबतो. पत्ते बदलते ठेवले, तर 32-बिट यंत्रावर स्टॅकच्या सुरुवातीच्या शक्यता फक्त 5,24,288. एक लूप लिहून तोच हल्ला पुन्हा पुन्हा चालवला की कधीतरी पत्ता जुळतोच. 64-बिट यंत्रावर मात्र ही चिकाटी चालत नाही. शक्यता इतक्या वाढतात की लूप चालवणारा आधी कंटाळतो.