बाबराची तौबा आणि ग्वाल्हेर

पवित्र कुरआनने मद्यबंदी टप्प्याटप्प्याने आणली : प्रथम लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगितले (२:२१९), मग नशेत नमाजला मनाई केली (४:४३), शेवटी मद्य निषिद्ध ठरविले (५:९०). खानव्याच्या लढाईपूर्वी, फेब्रुवारी १५२७ मध्ये, बाबराने तौबा केली. सोन्या-चांदीचे प्याले फोडून गरजूंत वाटले, काही मद्यात मीठ घालून सिरका केला. सप्टेंबर १५२८ मध्ये तो ग्वाल्हेरला आला. पुढे मराठी वस्तीचा पाटणकर बाजार याच शहरात वसला. १५२९ मध्ये ख्वाजा कलानला लिहिलेल्या पत्रात त्याने मद्याची ओढ अनावर होत असे, अशी कबुली दिली. तौबा मात्र पाळली. ओढ वाटणे हा गुन्हा नव्हे, संयम ही कसोटी आहे. व्यसनमुक्ती शिकविताना शिक्षकांनी हा भेद जरूर समजावावा.