बिबट्या आला नाही, की सेल संपला?

शीळफाटा, प्रतिनिधी

जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-शीळ रस्ता आणि महापे रस्ता शीळफाट्यावर एकत्र येतात. वाहतूक कोंडीसाठी हे नाव सर्वांच्या परिचयाचे असले, तरी या नाक्याच्या पश्चिमेला पारसिकचा डोंगर आणि पूर्वेला मलंगगड-माथेरानची रांग आहे. दोहोंच्या मध्ये गृहसंकुले, गोदामे आणि रस्ते वाढत आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलाकडून येणारा २१ किलोमीटरचा बोगदाही येथेच संपतो. अशा परिसरात रात्री कोणता वन्यप्राणी कोठून ये-जा करतो, याचा पुरावा कॅमेरा ट्रॅप देतो. या यंत्राची सारी भिस्त मात्र आतल्या सेलवर असते. सेल मध्येच संपला, तर मेमरी कार्ड रिकामे राहते आणि ‘येथे प्राणी नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका उद्भवतो.

पुराव्याचे मोल

वस्ती वाढली म्हणजे बिबट्या नाही, असे गृहीत धरता येत नाही. गळ्यात पट्टा बांधून २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून मुंबईलगतच्या जंगलापर्यंत पोहोचला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलमध्ये, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील निवासी इमारतीत बिबट्या शिरला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांत २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबट्यांची नोंद झाली.

प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते; डाव्या आणि उजव्या कुशीवरील ठिपकेही सारखे नसतात. त्यामुळे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावले जातात. त्यांपैकी एकाचा सेल संपला, तर एकच कूस टिपली जाते आणि ओळख अपुरी राहते.

वीज कोठे खर्च होते?

दिवसभर प्राण्याची वाट पाहण्यात कॅमेऱ्याची फारशी वीज जात नाही. खरा खर्च रात्री इन्फ्रारेड दिवे पेटताना होतो. उदाहरणार्थ, आठ सेल एकामागोमाग जोडलेल्या एखाद्या कॅमेऱ्याला प्रतीक्षेसाठी दिवसाला ७ मिलिअँपिअर-तास आणि रात्रीच्या प्रत्येक छायाचित्राला अर्धा मिलिअँपिअर-तास लागतो, असे समजू. रात्री ३० छायाचित्रे निघाली, तर दिवसाचा खर्च २२ होईल आणि २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल सुमारे ९० दिवस पुरतील. वाऱ्याने हलणाऱ्या गवतामुळे हीच संख्या ३०० झाली, तर तेच सेल १३ दिवसांत संपतील. चित्रफितीला तर छायाचित्राच्या कितीतरी पट वीज लागते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आठ सेल एकामागोमाग जोडले की व्होल्टेज आठपट होते, क्षमता मात्र एकाच सेलइतकी राहते. काही कॅमेऱ्यांत चार-चार सेलचे दोन गट समांतर जोडलेले असतात. तेथे क्षमता दुप्पट मिळते. म्हणून कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

कोणता सेल निवडावा?

साधा झिंक-कार्बन सेल : भिंतीवरील घड्याळ आणि टीव्हीच्या रिमोटसाठी पुरेसा. इन्फ्रारेड दिव्यांना लागणारा जोराचा प्रवाह त्याला पेलवत नाही. कॅमेरा ट्रॅपसाठी तो टाळावा.

अल्कलाइन सेल : कोणत्याही नाक्यावरील दुकानात मिळतो. व्होल्टेज १.५ असले तरी वापरासोबत ते सतत घसरते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात रात्रीची छायाचित्रे अंधूक येऊ लागतात किंवा बंद पडतात. दिवसाची मात्र चालू राहतात. निशाचर प्राण्यांच्या अभ्यासात ही उणीव घातक ठरते. संपलेला सेल आत राहिल्यास त्यातून क्षार झिरपून कॅमेऱ्याच्या पट्ट्या गंजतात.

चार्जिंगचा सेल (निकेल मेटल हायड्राइड) : व्होल्टेज १.२, क्षमता साधारण २००० ते २५०० मिलिअँपिअर-तास. हा सेल जोराचा प्रवाह सहज पुरवतो आणि त्याचे व्होल्टेज अखेरपर्यंत बऱ्यापैकी स्थिर राहते. जुन्या प्रकारचे सेल न वापरताही काही आठवड्यांत बरेच उतरत. ‘सान्यो’ या जपानी कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या ‘एनेलूप’पासून वर्षभर चार्ज टिकवणारे सेल रुळले. असेच सेल घ्यावेत. मात्र आठ सेलचे व्होल्टेज १२ ऐवजी ९.६ भरते. काही कॅमेरे ते ‘सेल संपला’ असे समजून बंद होतात. काहींत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते.

एकदाच वापरायचा लिथियम सेल : व्होल्टेज १.५, क्षमता सुमारे ३००० मिलिअँपिअर-तास किंवा अधिक. वजन सुमारे १५ ग्रॅम, अल्कलाइनचे सुमारे २३ ग्रॅम. जेथे महिनोन्‌महिने जाता येणार नाही, तेथे हाच सर्वांत भरवशाचा. किंमत मात्र अल्कलाइनच्या अनेक पट असते.

याच आकाराचा, पण ३.७ व्होल्टचा चार्जिंगचा लिथियम-आयन सेलही बाजारात मिळतो. तो या कॅमेऱ्यांत चुकूनही घालू नये; कॅमेरा जळू शकतो.

शीळफाट्यासारख्या ठिकाणी दर दोन-तीन आठवड्यांनी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणे शक्य असते. तेथे चार्जिंगच्या सेलचे दोन संच आलटून पालटून वापरणे दीर्घकाळात स्वस्त पडते. दुर्गम कड्यांवर लिथियम सेलचा खर्च सार्थकी लागतो.

घ्यावयाची काळजी

नवे-जुने किंवा वेगवेगळ्या प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी संपतो आणि साऱ्या संचाला खाली खेचतो. समोरासमोरच्या दोन्ही कॅमेऱ्यांचे सेल एकाच दिवशी बदलावेत. चार्जर प्रत्येक सेलला स्वतंत्रपणे चार्ज करणारा असावा. एप्रिल-मेच्या उन्हात तापणारी जागा टाळावी, कारण उष्णतेने सेल लवकर उतरतो. पावसाळ्यात कॅमेऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. वनक्षेत्रात कॅमेरा लावण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. वापरलेले सेल जंगलात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते इतर कचऱ्यापासून वेगळे द्यावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची नोंद तारखेची. अनेक कॅमेऱ्यांत दररोज ठरावीक वेळी एक छायाचित्र आपोआप काढण्याची सोय असते. ती मध्यरात्रीच्या सुमारास ठेवली, तर कॅमेरा आणि त्याचे दिवे कोणत्या रात्रीपर्यंत चालू होते, हे कळते. त्यानंतरच्या रात्री हिशेबातून वगळाव्यात. रस्ता किंवा बोगदा आखताना ‘प्राण्यांचा वावर आढळला नाही’ असा शेरा अहवालात येतो, तेव्हा कॅमेरे नेमक्या किती रात्री जागे होते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकांनाही आहे.