डिसोझा, मेरी

डिसोझा, मेरी : (जन्म १९३१). भारतीय धावपटू व हॉकीपटू. जन्म मुंबईतील वांद्रे येथे. विवाहानंतरचे आडनाव सिक्वेरा. १९५१ च्या नवी दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत २०० मी. शर्यतीत कांस्य व ४ × १०० मी. रिलेत रौप्यपदक. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० व २०० मी. शर्यतींत सहभाग. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत ४ × १०० मी. रिलेत सुवर्णपदक.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा स्त्रियांच्या वेगवान शर्यतींवर जपानचा वरचष्मा होता. तरीही १०० मी.मध्ये रोशन मिस्त्री यांनी रौप्यपदक मिळवले आणि २०० मी.मध्ये डिसोझा तिसऱ्या आल्या. रोशन मिस्त्री, बानू गझदर, पॅट मेंडोन्सा आणि डिसोझा यांचा रिले संघ जपानच्या मागे दुसरा आला. तीन वर्षांनी मनिलात ख्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा यांनी हीच शर्यत ४९.५ सेकंदांत जिंकली. दोन्ही संघांत असलेल्या धावपटू एकट्या मेरी डिसोझा. संघातील तीन नावे बदलूनही रौप्याचे सुवर्ण झाले, आणि या दोन्ही निकालांना जोडणारा दुवा त्याच होत्या. भारतीय स्त्रीला आशियाई स्पर्धेतील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कमलजीत संधू यांच्या रूपाने १९७० मध्ये बँकॉकला मिळाले. त्या पार्श्वभूमीवर १९५४ च्या पदकाचे मोल सहसा मानले जाते त्याहून मोठे आहे.

हेलसिंकीला गेलेल्या चार भारतीय स्त्रियांत निलिमा घोष, आरती साहा व डॉली नझीर यांच्यासह डिसोझा होत्या. या चौघींना ‘पहिल्या भारतीय ऑलिंपिक महिला’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोरा पॉली भारतातर्फे टेनिस खेळल्या होत्या. म्हणून ‘स्वतंत्र भारताच्या पहिल्या’ एवढेच विधान सुरक्षित ठरते. हेलसिंकीतील दोन्ही शर्यतींत डिसोझा प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. निधी नसणे हे त्याचे कारण सांगितले जाते.

हॉकी : फोकस्टन (१९५३) व सिडनी (१९५६) येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व.

मूल्यमापन : ही कारकीर्द निकालांच्या तक्त्यावरून मोजली तर ती छोटी दिसते; मिळालेल्या संधींच्या मानाने पाहिली, तर तिचे माप वेगळे निघते. हेलसिंकीच्या प्रवासासाठी सरकारकडून वेळेवर पैसे मिळाले नाहीत, तेव्हा मुंबईतील मित्रमंडळींनी नृत्याचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम करून निधी जमवल्याचे अनेक वृत्तांतांत येते. ही केवळ एका खेळाडूची अडचण नव्हती. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेला भारतीय संघ पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारातून उभा राहिला. जिमखान्याचे तेव्हाचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांची देणगी आणि लोकवर्गणी यांवर त्या संघाचा खर्च भागला. बत्तीस वर्षांनी देश स्वतंत्र झालेला असूनही परदेशी स्पर्धेचा मार्ग पुन्हा वर्गणीतूनच गेला. पुण्यातील त्या प्रयत्नाचे श्रेय निर्विवाद आहे; मात्र अपवाद म्हणून केलेली सोय पुढे नियमच होऊन बसली, हेही तितकेच खरे.

यावर पहिला आक्षेप असा, की दर्जातील तफावत पैशाने भरून निघाली नसती. हेलसिंकीत मार्जोरी जॅक्सन यांनी १०० मी. ११.५ सेकंदांत आणि २०० मी. २३.७ सेकंदांत जिंकली. भारतीय धावपटू त्या पातळीच्या जवळही नव्हत्या. हे मान्य करावे लागते. पण तफावत जन्मजात क्षमतेची की स्पर्धेच्या सवयीची, हा खरा प्रश्न आहे. १९५१ मध्ये ज्या जपानपुढे हार पत्करली, त्याच जपानला १९५४ मध्ये मागे टाकले, यावरून मोठे अंतरही कापता येत होते असे म्हणता येते. एका निकालावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. परंतु डिसोझा यांना त्यानंतरच्या ऑलिंपिकचे दारच बंद झाल्याने तो पडताळायची वेळ आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच हेलसिंकीला गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेही पैसे गोळा करूनच गेले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवल्याचे सांगितले जाते. तरीही त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. मग निधीचा अभाव हे अपयशाचे कारण कसे? याचे उत्तर दोन खेळांच्या मुळांत आहे. कुस्तीमागे गावोगावच्या तालमी, जत्रांतली मैदाने, वस्ताद आणि कोल्हापूरच्या राजाश्रयाची दीर्घ परंपरा होती. पैसा लागला तो फक्त प्रवासाला. स्त्रियांच्या धावण्यामागे शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आणि मोजके क्लब यांपलीकडे काही नव्हते. तिथे वर्गणीने तिकीट मिळे; सराव, मार्गदर्शन आणि पुढची शर्यत मिळत नसे. म्हणूनच डिसोझा यांची कारकीर्द ही गुणवत्तेच्या मर्यादेपेक्षा व्यवस्थेच्या अभावाची नोंद आहे, आणि त्या अभावातही आशियाई स्तरावर मिळवलेली तीन पदके हे तिचे ठोस फलित होय.

सन्मान : ध्यानचंद पुरस्कार, २०१३.